कफ हिरवा-पिवळा पडतोय, म्हणजे छातीत इन्फेक्शन झालंच का?

नुसत्या रंगावरून तसं म्हणता येत नाही, आणि तेवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका. हिरवी झाक येते ती आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरव्या एन्झाइममुळे, आणि या पेशी साध्या व्हायरल खोकल्यातही गोळा होतात. दम्यातही कफ पिवळसर दिसू शकतो. मात्र सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) रुग्णाचा कफ एकाएकी वाढला, हिरवा-दाट झाला आणि दमही जास्त लागू लागला, तर जिवाणूंचा संशय बळावतो.

माझ्या मते रंगापेक्षा प्रमाण आणि वास जास्त सांगून जातात. वर्षानुवर्षं रोज वाटीभर कफ पडत असेल तर ब्रॉन्किएक्टॅसिसचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन त्यात कफ साचण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. असा कफ काचेच्या भांड्यात ठेवला की थर दिसतात: वर फेस, मध्ये पातळ द्रव, तळाला पू. कुजका वास येत असेल तर फुफ्फुसात गळू असू शकतं.

थंडी-ताप, छातीत कळ आणि गंजासारखा तांबूस कफ असेल तर न्यूमोनिया असू शकतो. गुलाबी, फेसाळ कफ आणि आडवं होताच गुदमरणं म्हणजे फुफ्फुसात पाणी, बहुतेकदा हृदयामुळे. तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठा.

रक्ताची रेघ दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच. टीबी आणि कॅन्सर दोन्ही तपासावे लागतात. २ आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. नमुना सकाळी, चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला द्या. लाळ चालत नाही.