शेवटच्या दिवशी रायगड चढायचा का?

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलं आहे. डिसेंबरच्या सुट्टीत मालवणहून निघून किनाऱ्याने वर यायचं, गणपतीपुळे, गुहागर, हर्णै, हरिहरेश्वर करत शेवटच्या दिवशी रायगड, आणि त्याच रात्री मुंबईहून विमान. मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. सासरे एकाहत्तर वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. नवऱ्याचं ठाम म्हणणं, महाराजांचा गड पायीच चढायचा. सासऱ्यांचंही तेच. "मी नको म्हटलं की मीच वाईट ठरते," असं ताई लिहितात.

ताई, गड जरूर चढा. फक्त त्या रात्रीचं विमान एक दिवस पुढे ढकला. तिकीट बदलणं जमत नसेल, तर हर्णैचा किंवा गुहागरचा एक मुक्काम कमी करा, पण गड आणि विमान यांच्यामध्ये एक रात्र हवीच.

पायऱ्या चौदाशेहून जास्त आहेत. सवय नसलेल्या कुटुंबाला वर पोचायला दोन-अडीच तास, गड फिरायला तीन, उतरायला दीड-दोन. त्यानंतर माणगावची वाहतूक कोंडी, आणि रविवार असेल तर विचारूच नका. गाडी चालवणारा तोच, जो सकाळपासून चढला-उतरला आहे. उतरताना मांड्यांवर सगळा भार येतो. खाली आल्यावर पाय लटलटतात, त्या पायांनी ब्रेक दाबत मुंबई गाठायची का? त्या दिवशी ड्रायव्हर ठेवा, हे तर मी हात जोडून सांगेन.

तुमची मुलं तिकडे डोंगर चढतात हे वाचून बरं वाटलं. पण तिकडे थंडीच्या दिवसांत हवा कोरडी आणि गार. कोकणात डिसेंबरातही हवा दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. म्हणून मुक्काम गडाच्या पायथ्याशी, पाचाडलाच करा आणि उजाडताच पहिली पायरी चढा. नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, अशा दोन बाटल्या घ्या. वाटेत मावश्या ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यासाठी दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा, परदेशी कार्ड तिथे चालत नाही. पासपोर्ट गाडीत ठेवू नका, एका मोठ्या माणसाच्या अंगावरच असू द्या.

बुटांबद्दल मला माझं सांगायलाच हवं. आम्हीही असेच सुट्टीवर आलो होतो. आदल्या संध्याकाळी हर्णैच्या वाळूत मुलगी बूट घालूनच खेळली, मी काही बोलले नाही. अर्ध्या वाटेवर ती खाली बसली ती उठेना. मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड फुटलेला, आणि त्याच्या कडेने वाळूचं बारीक कडं चिकटलेलं. ताकवाल्या मावशींनी काही न विचारता तांब्यातलं पाणी तिच्या पायावर ओतलं, स्वतःच्या पदराने टिपलं. मला तो पदर अजून दिसतो. बूट आदल्या रात्री झटकून, पुसून ठेवा. कोरड्या मोज्यांचे दोन जोड आणि चिकटपट्टी पिशवीत वरच असू द्या.

त्याच दिवशी मी मुलीला चार वेळा "आता थोडंच राहिलं" म्हणाले होते. पाचव्यांदा तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मुलांना खरं सांगा. महादरवाजा दिसला म्हणजे गड आला असं नाही, त्याच्यापुढेही चढ आहे. हे आधी माहीत असलेलं मूल चढतं. फसवलेलं मूल रुसतं, आणि त्याचा राग गडावर निघतो. तेवढं मात्र होऊ देऊ नका.

आता सासऱ्यांचं. त्यांना "तुम्हाला झेपणार नाही" असं कुणीही म्हणू नका. डॉक्टरांना विचारून गोळी-इन्सुलिनचं वेळापत्रक आधीच ठरवा, कारण श्रमाने साखर एकदम उतरू शकते. चिक्की आणि साखर त्यांच्या स्वतःच्या खिशात हवी. आणि त्यांना रोपवेने वर पाठवा, पण एक काम सोपवून, धाकट्याला सोबत देऊन. राजसभेत नगारखान्याजवळ हळू बोललेलं सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू जातं. आजोबा आणि धाकटा त्या बाजूला थांबतील, तेरा वर्षांची लेक बाबांबरोबर पायऱ्या चढून नगारखान्यात येईल आणि तिथून आजोबांना हाक मारेल. ६ जून १६७४ ला इथे काय घडलं, हे आजोबांनीच सांगायचं. हिरकणीची आख्यायिकाही त्यांच्याकडेच ठेवा. सुट्टीच्या दिवशी रोपवेला लांब रांग असते, म्हणून तेही लवकरच निघू देत.

नवऱ्याशी मात्र आदल्या रात्री स्पष्ट बोला. किती वाजता परत फिरायचं ते घड्याळ लावून ठरवा, जिथे असाल तिथून. मध्येच पायरीवर उभं राहून तो वाद घालायचा नाही, मुलं ऐकत असतात.

उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर बाराच दिवसांत त्या गेल्या. तिथे दहा मिनिटं टेका, बूट काढा, मुलांच्या टाचा बघा, मोजे बदला. मग निघा.