ब्लू नोट या अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनीची जुनी एलपी मूळ प्रेसिंगची, म्हणजे पहिल्या छपाईची, आहे हे कसं ओळखायचं?
आधी तबकडी तिरप्या उजेडात धरा आणि लेबलभोवतीचा गुळगुळीत पट्टा नीट बघा. तिथे कानासारखी बारीक खूण दिसली तर ती ब्लू नोटच्या तबकड्या छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची. १९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावर ही खूण नाहीशी झाली, म्हणजे तुमची प्रत बहुधा त्याआधीची. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. साचे तेच राहिल्याने तो नंतरच्या प्रतींवरही सापडतो. मग लेबलवरचा कंपनीचा न्यूयॉर्कमधला पत्ता: लेक्सिंग्टन अव्हेन्यू आधीचा, ४७ वेस्ट ६३ नंतरचा.

पण ऐकायलाच हवी असेल, तर ओरखडे पडलेल्या मूळ प्रतीपेक्षा व्हॅन गेल्डरच्या शिक्क्याची स्वच्छ लिबर्टी प्रत मी केव्हाही घेईन. ट्रम्पेट तितकाच अंगावर येतो.