सगळे सावरले, मग आमचंच घर मागे का राहिलं?

"मॅडम, कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली. सगळ्यांचं रुळावर आलं. आमचंच काय चुकलं?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी अजूनही माणसं येतात. पहिल्या भेटीत तो सहसा निघत नाही. झोप लागत नाही, नवरा घरात बोलत नाही, मुलगी उलट उत्तरं देते, असं काहीतरी सांगत सुरुवात होते. मग दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कुणीतरी खाली बघत सांगतं की घरावर कर्ज आहे, ते लॉकडाऊनमधलं आहे आणि ते फिटत नाहीये. कर्जापेक्षा जास्त त्रास त्यामागच्या समजुतीचा असतो. संकट सगळ्यांवर सारखंच आलं होतं, बाकीचे हुशार निघाले, आपण नालायक ठरलो, अशी ती समजूत.

ती किती खोटी आहे, हे एका घराच्या गोष्टीतून सांगते. त्या घराची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी एकट्या ताई आल्या. भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहणाऱ्या, दोन घरी स्वयंपाक करणाऱ्या. नवऱ्याची शाळेची व्हॅन. मुलं त्यांना व्हॅनवाले काका म्हणतात, म्हणून मीही इथे काकाच म्हणते. ताईंची तक्रार अशी, की काका गणपतीला भावाकडे जात नाहीत. आधी तब्येतीचं कारण झालं, मग गाडीच्या कामाचं, आता कारणही देत नाहीत. घरात पैशाचा विषय निघाला की चप्पल घालून बाहेर पडतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात. आणि एकदा म्हणाले, "माझा विमा आहे, मी गेलो तर तुमचं तरी भागेल."

हे वाक्य ऐकल्यावर मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. असं वाक्य घरात कुणी बोललं, तर ते रागात बोलले असतील म्हणून सोडून देऊ नये. काकांना त्याच आठवड्यात बोलावलं आणि सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का, काही ठरवलं आहे का. असं विचारल्याने विचार डोक्यात भरतात, ही भीती चुकीची आहे. माणूस बहुतेक वेळा मोकळा होतो. काकाही झाले. विचार येत होते, पण ठरवलेलं काही नव्हतं. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषधं सुरू झाली, झोप थोडी लागायला लागली. त्यानंतर आम्ही पैशाकडे वळलो.

मार्च 2020 च्या मध्यावर मुंबईतल्या शाळा बंद झाल्या. काकांच्या व्हॅनमध्ये सगळी लहान मुलं, पहिली ते सातवीतली. त्यांचे वर्ग मुंबईत उघडले 15 डिसेंबर 2021 ला. जानेवारीत पुन्हा बंद, मग 24 जानेवारी 2022 ला पुन्हा सुरू. म्हणजे एकवीस महिने धंदा पूर्ण बंद. गाडी कर्जावर घेतलेली. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली ती आधी तीन महिन्यांची, मग 31 ऑगस्ट 2020 पर्यंत वाढवली. त्या काळातलं व्याज मात्र चालूच होतं. सवलत संपली तेव्हा शाळा उघडायला अजून साडेपंधरा महिने होते. काकांनी व्हॅनमधून भाजी विकली, मग कुणाचं तरी सामान पोचवलं. ताईंची तेव्हाची तिन्ही कामं पहिल्याच आठवड्यात गेली, कारण सोसायट्यांनी बाहेरच्या बायकांना गेटच्या आत घेणं बंद केलं. पुढे परत बोलावलं ते दोनच घरांनी.

बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून काकांनी ओळखीच्या माणसाकडून ऐंशी हजार घेतले. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. ऐकायला तीन हा आकडा लहान वाटतो. वर्षाचे छत्तीस टक्के होतात. दर महिन्याला चोवीसशे रुपये नुसतं व्याज. माझ्याकडे आले तोवर ते चार वर्षं हे भरत होते. आम्ही कागदावर गुणाकार केला, एक लाख पंधरा हजार दोनशे. आणि मुद्दल तसंच, ऐंशी हजार. ताईंना ही उसनवारी माहीत नव्हती. तो गुणाकार झाल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

आता भाऊ. धाकटा, राज्य सरकारच्या कार्यालयात क्लार्क. काकांच्या तोंडी सारखं एकच, "त्याने त्याच काळात डोंबिवलीला फ्लॅट घेतला, मॅडम. त्याच काळात! आणि मी बायकोची पाटली गहाण टाकली." ते हे मत्सराने बोलत नव्हते. स्वतःविरुद्धचा पुरावा दाखवावा तसं बोलत होते.

म्हणून आम्ही त्या फ्लॅटचाही हिशेब मांडला. मार्च 2020 चा पगार सरकारने दोन टप्प्यांत दिला. क्लार्क ज्यात येतात त्या क वर्गाला आधी पंचाहत्तर टक्के मिळाले, उरलेला नंतर. पण पगार आला, आणि पुढेही दर महिन्याला येत राहिला. प्रवासाचा, बाहेरचा खर्च थांबला, तो शिल्लक पडला. मे 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवर आणला आणि गृहकर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळू लागलं. बांधकाम व्यवसायाला उभारी मिळावी म्हणून राज्य सरकारने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं. भावाचा फ्लॅट चाळीस लाखांचा. त्याचे तीन टक्के म्हणजे एक लाख वीस हजार वाचले.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. एका भावाचे सवलतीत एक लाख वीस हजार वाचले आणि दुसऱ्याचे व्याजात एक लाख पंधरा हजार गेले. शहर एक, साथ एक, आई-बाप एक. ज्याच्याकडे महिन्याचा ठरलेला पगार आणि पगाराची स्लिप होती, त्याला पैसा सात टक्क्यांनी मिळाला. ज्याच्याकडे ती नव्हती, त्याला छत्तीस टक्क्यांनी. यात धाकट्याने काही लबाडी केली नाही. पण थोरल्याच्या बुद्धीची परीक्षा झाली आणि तो नापास झाला, असंही यातून निघत नाही.

काका म्हणाले, "पण मदत तर सगळ्यांना मिळाली ना?" काही मिळाली. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळालं आणि त्यावर त्यांच्या घरात चूल पेटली, हे त्यांनीच सांगितलं. बाकीची बरीच मदत नोंदणीच्या वाटेने आली. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने घरकामगार, बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत फेरीवाले यांना दीड हजार रुपये जाहीर केले. काका रिक्षावाले नव्हते. ताई घरकामगार होत्या, पण घरकामगार कल्याण मंडळाकडे नोंद नव्हती. मला हे आजही लागतं. ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती, त्यातले किती तरी जण कुठल्याच यादीत नव्हते, आणि यादीत नसणं हा आपलाच आळस होता असं तेच मला येऊन सांगतात.

आजाराबद्दलही तसंच. त्यांच्या घरात कोरोना आला, भावाकडे आला नाही. काका म्हणत, मी भाजी विकायला फिरलो, मीच आणला. मी त्यांना मुंबईतल्या जुलै 2020 च्या रक्ततपासणीचे आकडे सांगितले. शहरातल्या तीन वॉर्डांत तपासणी झाली, त्यात भांडुप नव्हतं. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली आणि त्याच वॉर्डांतल्या बाकी वस्तीत 16 टक्के. कॉमन संडास, एका खोलीत पाच माणसं, पोटासाठी रोज बाहेर पडणं भाग. तिथे अंतर ठेवणार कुठे? मुंबईला हे नवीन नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझात तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतल्या हिंदूंमध्ये हजारी 61.6 मृत्यू नोंदले गेले होते, युरोपियनांमध्ये 8.3. साथ माणूस बघून येत नाही म्हणतात. घर, काम आणि गल्ली मात्र बघते.

एवढं ऐकूनही काका पटकन मानले नाहीत. आकड्यांनी अपराधीपणा जात नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. मग आम्ही एक काम केलं, जे मी अशा घरांत नेहमी करते. कर्जाची जबाबदारी सोळा आण्यांत वाटायची. काकांनी आधीच लिहून टाकलं, "मी, सोळा आणे." मी म्हटलं, तुमचं नाव सगळ्यात शेवटी. आधी बाकीचे हिस्से काढू. शाळा बंद राहिल्या, किती? पाच आणे. हप्त्याची सवलत लवकर संपली, दोन. ताईंची कामं गेली, दोन. शिलकीत काहीच नव्हतं, ते कशामुळे?

इथे ते थांबले. मग जे आलं, ते ताईंनीही एवढं सविस्तर ऐकलं नव्हतं. वडील गिरणी कामगार. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. थोरला म्हणून काका दहावीनंतर क्लीनर म्हणून गाडीवर लागले, त्या पैशांतून घर चाललं आणि धाकटा बी.कॉम. झाला. पुढे सरकारी नोकरीला लागला. म्हणजे 2020 मध्ये कुणाकडे पगाराची स्लिप असणार आणि कुणाकडे नसणार, हे त्या घरात तीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं, आणि ते काकांच्या कष्टाने ठरलं होतं. मी विचारलं, "संपानंतर वडील घरी बसले. त्यांना तुम्ही कधी नालायक म्हणालात?" ते जवळजवळ चिडले. "बाबांची काय चूक? गिरणीच बंद झाली." आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्या दिवशी त्यांनी चार आणे शिलकीपुढे लिहिले.

शेवटी काकांच्या नावावर तीन आणे राहिले. ते मी कमी करू दिले नाहीत आणि त्यांनीही मागितले नाहीत. बायकोपासून उसनवारी लपवली आणि मागायला जवळचं माणूस असताना परक्याकडे गेले, ही त्यांची चूक होती. सोळा आण्यांचं ओझं घेऊन माणूस बसून राहतो. तीन आणे घेऊन उठता येतं, कारण त्या तीन आण्यांचं काय करायचं ते समोर दिसतं.

काकांनी भावाला फोन केला. पैसे मागायचे नाहीत, फक्त काय झालं ते सांगायचं, असं ठरवून. धाकट्याला व्हॅन बंद असल्याचं माहीत होतं, सावकाराचं नव्हतं. "विचारलं तर तुला कमीपणा वाटेल म्हणून विचारलं नाही," असं तो म्हणाला. किती घरांत हेच झालं असेल! एकाने लाजेने सांगितलं नाही आणि दुसऱ्याने मान राखायला विचारलं नाही. नंतर त्याने आपल्या कर्मचारी पतपेढीतून कर्ज काढून सावकाराचं मुद्दल एकरकमी फेडलं. आता काका तो पतपेढीचा हप्ता भावाच्या खात्यात भरतात. आधी चोवीसशे जायचे आणि कर्ज जागचं हलायचं नाही. आता जे जातं त्यात मुद्दल कमी होतं. जाऊबाईंना हे फारसं रुचलेलं नाही, आणि ते अजून मिटलेलं नाही. पाटली अजून गहाण आहे. ताईंनी घरकामगार म्हणून नोंद केली.

लेकीचं मात्र वेगळं काम चाललं आहे. 2021 ची दहावी, परीक्षाच झाली नाही त्या वर्षातली. घरात एकच फोन, तोही दिवसभर बाबांच्या खिशात. अंतर्गत मूल्यमापनात गुण कमी पडले, सायन्स हुकलं. चुलतभावाकडे लॅपटॉप होता. ती म्हणते, "बाबांना निदान तुम्ही समजावलंत. मला अजून सगळे म्हणतात, परीक्षा न देता पास झालीस, नशीब काढलंस." तिच्यासोबत पुन्हा नव्याने तो कागद घेऊन बसायचं आहे.

तुमच्याही घरात असा विषय अडकला असेल, तर आधी व्याज महिन्याचं आहे की वर्षाचं, ते बघा आणि महिन्याच्या व्याजाचं कर्ज सगळ्यात आधी फेडायच्या मागे लागा. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला पूर्ण आकडा सांगा, अर्धा नको. आणि कुणी झोप, जेवण सोडलं असेल, विम्याची किंवा "मी नसलो तर"ची भाषा बोलत असेल, तर हिशेबासाठी थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.