मिक्सर बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी १७ वर्षांपूर्वी घेतलेला ५०० वॉटचा मिक्सर आहे. गेल्या महिन्यात उडीद डाळ वाटताना जळका वास आला आणि तो बंद पडला. दुरुस्तीवाल्याने आर्मेचर जळाल्याचे सांगून नव्या मिक्सरच्या जवळजवळ निम्मा खर्च सांगितला. घरात आम्ही सहा माणसे आहोत. रोज शेंगदाण्याचा कूट आणि लसणाची चटणी लागते, आठवड्यातून एकदा इडली-डोशाचे पीठ होते आणि वर्षाचा मसाला आम्ही डंकावरून कुटून आणतो. मुलगा म्हणतो, आता १००० वॉटचा, फूड प्रोसेसर जोडलेला घ्या. काय करावे? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा, तारेची गुंडाळी असलेला भाग, खरोखर जळाले असेल, तर इतक्या जुन्या यंत्रावर निम्मा खर्च करू नये, असे माझे मत आहे. मात्र नवा घेण्याआधी एक खात्री अवश्य करून घ्या. मिक्सरच्या बुडाशी बहुधा लाल रंगाचे एक लहान बटण असते. मोटारीवर ताण आला की ते बाहेर येते आणि वीजपुरवठा तोडते. अशा वेळी मिक्सर बंद करून, प्लग काढून, मोटार पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मग ते बटण आत दाबावे. या एका बटणाची माहिती नसल्यामुळे धडधाकट मिक्सर माळ्यावर गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दुसरी शक्यता कार्बन, म्हणजे फिरत्या मोटारीला वीज पोचवणारे लहान तुकडे, झिजल्याची असते. मिक्सर अडखळत चालत असेल आणि खालच्या झरोक्यांतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर आधी कार्बन तपासायला सांगा, कारण ते बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो. आर्मेचरची गुंडाळी काळी पडलेली आपल्या डोळ्यांनी पाहिली, तरच जुन्या मिक्सरचा निरोप घ्या.

आता वॉटविषयी. खोक्यावर ठळक छापलेला हा आकडा मोटार किती वीज घेते ते सांगतो. वाटण किती बारीक होईल, हे त्यावरून कळत नाही. मोकळी फिरताना मिक्सरची मोटार मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेते, पण भांड्यात भिजलेली डाळ पडली की हे फेरे कमी होतात आणि मोटारीची खरी परीक्षा तिथे होते. आपण सांगितलेल्या कामांसाठी ७५० वॉट पुरेसे आहेत. कूट आणि चटणी ५०० वॉटवरही उत्तम होते; जास्त ताकद लागते ती आठवड्याच्या डाळ-तांदळाला. वर्षाचा मसाला आपण डंकावरून आणता, ही आपल्या मिक्सरच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे, कारण हळकुंडे आणि सुके खोबरे किलोच्या मापाने दळणे हे घरगुती मिक्सरचे कामच नव्हे. त्यामुळे १००० वॉटसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्याकडे खरे लक्ष द्यायचे, ती भांडी. आपल्या घरात रोज लागणार आहे ते चटणीचे लहान भांडे, आणि दुकानात बहुतेकांची नजर जाते ती दीड लिटरच्या मोठ्या भांड्यावर. लहान भांड्यात डोकावून पाते आणि बूड यांत किती अंतर आहे ते पाहा. हे अंतर जास्त असेल, तर आठ-दहा लसूण पाकळ्यांची चटणी पात्याखाली जाऊन बसते, वर नुसते पाते फिरत राहते आणि दर मिनिटाला झाकण काढून चमच्याने ढकलावे लागते. भांडे उलटे करून खालचा कपलर, म्हणजे भांडे मोटारीला जोडणारा भाग, बोटांनी फिरवा आणि बाजूला हलवून पाहा. तो सहज फिरला पाहिजे, पण डगमगता कामा नये. नव्या भांड्यातच तो डगमगत असेल, तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, लवकर झिजेल आणि थोड्याच दिवसांत भांड्याखाली काळसर ओघळ दिसू लागतील. मुठीचे स्क्रू, झाकणाच्या रबराची पकड आणि भांड्याच्या पत्र्याचा जाडपणा हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे दुकानदाराकडून मागून घेण्यात संकोच बाळगू नका.

मोटारीवरचा कपलर प्लॅस्टिकचा किंवा रबराचा दिसला म्हणून माल हलका समजू नये. भांडे अडकले तर मोटार जळण्याऐवजी कपलर तुटावा, यासाठीच तो मऊ केलेला असतो. प्रश्न एवढाच, की तो तुटल्यावर सांगलीत मिळेल का? एका कंपनीचे भांडे आणि कपलर दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरला सहसा बसत नाहीत. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन कोणत्या मिक्सरचे बुश, कपलर आणि झाकणाची रबरे त्यांच्याकडे नेहमी असतात, हे विचारावे. माझ्या स्वतःच्या घरी एक देखणा मिक्सर केवळ एका कपलरसाठी चार महिने पडून होता, कारण त्या कंपनीचे सुटे भाग आमच्या शहरात कोणी ठेवतच नव्हते. जाहिरातीत मोटारीची हमी पाच वर्षांची असते, पण भांडी, पाती आणि कपलर यांची हमी बहुधा त्याहून बरीच कमी असते. ती किती आहे, ते हमीपत्रावर वाचून घ्या. मिक्सरवर आयएसआय चिन्ह आहे का, हेही पाहा. अशा मिक्सरसाठी आयएस ४२५० हे भारतीय मानक आहे, आणि चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.

मुलाचा फूड प्रोसेसरचा आग्रह मी समजू शकतो. सहा माणसांची कणीक रोज मळायची असेल आणि मनगटे दुखत असतील, तर तो जरूर घ्यावा. परंतु त्याचे मोठे भांडे दरवेळी काढून, जोडून, धुऊन, पुसून ठेवणे हे रोजचे काम होऊन बसते आणि ओट्यावर कायमची जागा नसेल, तर तो कपाटातच राहतो. ते काम घरात कोण करणार, हे आधी ठरवा.

शेवटी वापराविषयी, कारण जळका वास डाळ वाटतानाच आला. मिक्सरवर ३० मिनिटांचे रेटिंग लिहिलेले असते. त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवावा असा नाही. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबावे, अशा सहा फेऱ्या सांगितलेल्या असतात. डाळ चार-पाच तास भिजलेली असावी, भांडे निम्म्यापर्यंतच भरावे आणि पाणी गार घ्यावे. उन्हाळ्यात मी बर्फाचे दोन खडे घालतो, त्यामुळे पीठ तापत नाही आणि चांगले फुगते. कूट मात्र सलग फिरवू नये. थांबत थांबत चार-पाच झटके द्यावेत, नाहीतर दाण्याला तेल सुटून गोळा होतो.

प्रश्न : आमच्याकडे रोज हुमणाचे, म्हणजे माशांच्या कालवणाचे, वाटण होते. मिक्सरमध्ये खोबरे गुळगुळीत होत नाही, धने दाताखाली येतात आणि वाटण कोमट होते. आईच्या हातचे रगड्यावरचे वाटण आठवते. वेट ग्राइंडर घ्यावा का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : रगड्याची चव आपल्याला आठवते, त्याला कारण आहे. दगड खोबरे चिरडतो, मिक्सरचे पाते ते कापते. चिरडलेल्या खोबऱ्यातून रस जास्त सुटतो आणि दगड सावकाश फिरत असल्याने वाटण तापत नाही. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तो विद्युत रगडाच आहे आणि इडलीच्या पिठासाठी त्याला तोड नाही. पण एका नारळाच्या वाटणासाठी दोन लिटरचा ग्राइंडर रोज लावणे आणि त्याचे दगड धुणे आपल्याला झेपणार नाही, असे मला वाटते. घरी आठवड्यातून दोन-तीनदा इडली किंवा इडलीसारखी सान्नां होत असतील, तरच त्याचा विचार करा.

रोजच्या हुमणासाठी आधी वाटण्याचा क्रम बदलून पाहा. मिरच्या आणि धने अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. लहान भांड्यात आधी तेच चिंच आणि जेमतेम पाण्यासह बारीक करा आणि खोबरे त्यानंतर घाला. सुरुवातीलाच पाणी जास्त झाले, की धने पाण्यात नुसते गरगरतात आणि पात्याला सापडत नाहीत. एवढे करूनही भरड राहिले, तर मिक्सर न बदलता आधी चटणीच्या भांड्याचे पाते आणि बुश बदलून घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथल्या ब्लेंडरमध्ये चटणी होत नाही. पुण्याहून मिक्सर आणला तर चालेल का? (एक वाचिका)

उत्तर : जसाच्या तसा चालणार नाही. भारतात घरातली वीज २३० व्होल्टची असते, न्यू जर्सीत १२० व्होल्टची. आपला मिक्सर तिथे लावला, तर तो कण्हत फिरेल आणि वाटण होणार नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, परंतु ७५० वॉटच्या मिक्सरला, सुरू होतानाचा झटका धरून, साधारण १५०० वॉटचा घ्यावा लागतो. तो बराच जड असतो आणि ओट्यावर जागा अडवतो. भारतीय कंपन्यांनी तिथल्या विजेसाठी बनवलेले मिक्सर अमेरिकेत विकत मिळतात. तेच घ्यावेत आणि भारतातून येताना त्याच मॉडेलचे कपलर व रबरे आणावीत. उलट दिशेने काळजी अधिक घ्या, कारण तिथला ब्लेंडर इथे थेट लावला, तर तो जळेल.

आपली अडचण जुनीच आहे. परदेशी ब्लेंडर पातळ पदार्थांसाठी घडवलेला असतो; मूठभर खोबऱ्या-कोथिंबिरीची चटणी त्याच्या उंच भांड्यात पात्याला लागत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच बिघडला, तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाला टिकेल असे यंत्र घडवायला घेतले आणि त्यातून ‘सुमीत’ उभा राहिला. पुढे कित्येक मराठी स्वयंपाकघरांत मिक्सर म्हणजे सुमीत, असेच म्हटले जाई.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत, वय सत्तरीपुढे. मिक्सरचे भांडे उचलताना हात कापतो. नुसता हँड ब्लेंडर पुरेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताक, दुधीचे सूप आणि वरण घोटणे यांसाठी पुरेल आणि ते काम जास्त सुरक्षितही होईल. मिक्सरच्या बंद भांड्यात गरम सूप फिरवले, की वाफेने झाकण उडून हात भाजण्याचा धोका असतो. हँड ब्लेंडर पातेल्यातच चालवता येतो. पाते पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबावे आणि धुण्याआधी प्लग काढावा. कूट आणि कोरडी चटणी मात्र त्याच्या दांड्याने होत नाही. सोबत लहान वाटी जोडता येईल असा संच मिळतो, तोच घ्यावा. त्या वाटीत दोघांपुरता कूट होतो आणि ती उचलायला हलकी असते.