सांगलीत ऐन पावसाळ्यात जुन्या प्लेस्टेशन २ च्या बॉडीला घरी स्प्रे पेंट करता येईल का?

घरी नक्की जमेल, पण रंग दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेतच मारा. आत्ता फक्त घासकाम उरका. दमट हवेत लॅकर (पटकन वाळणारा थिनरचा रंग) स्प्रेवर पांढुरकी झाक येते. सांगलीत दुचाकीचे प्लास्टिक पॅनेल रंगवायचं माझं काम आहे, कन्सोलची बॉडीही तशीच एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकची. सगळं सुटं करा, ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा, साबणाने धुऊन वाळवा, वर प्लास्टिक प्रायमर. मग रंगाचे ३-४ पातळ हात, मध्ये १५ मिनिटं. एकच जाड हात दिला की ओघळ आलाच! पुसायला थिनर अजिबात नको, एबीएस विरघळतं. जोडण्याआधी आठवडाभर वाळू द्या. फक्त, रोज हाताळणार असाल तर वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, दिल्याशिवाय हा रंग टिकणार नाही.