कोरड्या फीमरवरचा पेपर ‘द अ‍ॅनाटॉमिकल रेकॉर्ड’ला पाठवायचा असेल तर काय तयारी लागते?

तुमचा प्रश्न असा: एमडी अ‍ॅनाटॉमीच्या प्रबंधासाठी विभागातल्या १०० कोरड्या फीमरवर (मांडीच्या हाडांवर) न्यूट्रिएंट फोरॅमेनची, म्हणजे हाडाला रक्त पुरवणारी धमनी जिथून आत शिरते त्या छिद्राची, संख्या, जागा आणि दिशा पाहिली. आता त्याचा पेपर ‘द अ‍ॅनाटॉमिकल रेकॉर्ड’ला पाठवायचाय, तर फॉरमॅट कसा ठेवावा?

फॉरमॅटची काळजी शेवटी करा. समासामुळे किंवा संदर्भांच्या शैलीमुळे पेपर सहसा परत येत नाही. तो रिव्ह्यूअरपर्यंत न पोचता संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो, आणि माझ्या मते तुमच्या पेपरला धोका दोन ठिकाणी आहे: प्रश्न त्या जर्नलच्या जातीचा नाही, आणि हाडं कुठून आली हे बहुधा लिहिलेलं नाही.

आधी प्रश्नाचं बघू. १९०६ पासून चालत आलेलं हे जर्नल अमेरिकन असोसिएशन फॉर अ‍ॅनाटॉमीचं आहे, वायली छापते, आणि त्याच्या उपशीर्षकातच ‘इव्होल्यूशनरी बायॉलॉजी’ आहे. तिथे माणसाच्या बरोबरीनं मगरी, व्हेल आणि डायनासोर असतात. ‘इतक्या हाडांत एक फोरॅमेन, इतक्यांत दोन, बहुतेक लिनिया अस्पेरावर (हाडाच्या मागच्या खडबडीत कडेवर), दिशा वरच्या टोकाकडे’ ही माहिती हाडाचं ग्राफ्ट घेणाऱ्या सर्जनला उपयोगी आहे. पण फोरॅमेन गुडघ्यापासून दूर जातो हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. संपादक विचारणार, यातून रचनेबद्दल नवं काय कळलं?

याच छिद्राचा दुसऱ्या अंगानं अभ्यास झालेला आहे. रॉजर सेमूर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की न्यूट्रिएंट फोरॅमेनच्या आकारावरून हाडाकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावरून सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी आणि डायनासोर यांच्या चयापचयाची तुलना करता येते. त्यांचा निर्देशांक म्हणजे फोरॅमेनच्या त्रिज्येचा चौथा घात भागिले हाडाची लांबी. हे वाचून चर्चेच्या भागात उत्क्रांतीचा एक परिच्छेद चिकटवायचा मोह होईल. तो आवरा. आधी आपलं मोजमाप तेवढं भार पेलतं का ते पाहा.

आपल्याकडे छिद्राचा आकार इंजेक्शनच्या सुया घालून मोजायची पद्धत आहे. २४ गेजची सुई, म्हणजे सुमारे ०.५७ मिमी, आत गेली तर फोरॅमेन ‘मुख्य’. वर्गवारीला हे ठीक आहे. पण २३ गेजची सुई ०.६४ मिमी आणि २२ गेजची ०.७२ मिमी असते; या एका पायरीत त्रिज्या साडेबारा टक्क्यांनी वाढते आणि तिचा चौथा घात १.६ पट होतो. म्हणजे सुई बदलली की रक्तप्रवाह दीडपटीहून जास्त! अशा आकड्यांवर चयापचयाचं विधान टिकत नाही. शिवाय छिद्राचं तोंड तिरकं, लंबवर्तुळाकार असतं आणि खरी अरुंद जागा थोडी आत असते. त्यामुळे मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म तपशिलाचं सीटी स्कॅन) किंवा निदान मोजपट्टीसह सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो लागतो. सीटी केलीत तर व्हॉक्सेलचा (स्कॅनमधल्या सर्वांत छोट्या घनाचा) आकार, किलोव्होल्ट, मायक्रोअँपिअर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती पद्धतीत लिहा, आणि स्कॅन मॉर्फोसोर्ससारख्या ऑनलाइन भांडारात ठेवायची तयारी ठेवा.

हे शक्य नसेल तर पेपर वाईट ठरत नाही, पत्ता बदलतो. ‘क्लिनिकल अ‍ॅनाटॉमी’, ‘सर्जिकल अँड रेडिओलॉजिक अ‍ॅनाटॉमी’ किंवा ‘जर्नल ऑफ द अ‍ॅनाटॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ हे अशा कामाचे वाचक आहेत. मी तुमच्या जागी असतो तर आहे त्या आकड्यांनिशी तिकडेच गेलो असतो.

पत्ता कुठलाही असो, संख्याशास्त्रातल्या दोन चुका दुरुस्त करा. डाव्या-उजव्या मिळून १०० फीमर म्हणजे १०० माणसं नव्हेत. जोड्या ठाऊक नसतील तर एकाच माणसाची दोन हाडं स्वतंत्र म्हणून मोजली जाण्याची शक्यता आहे, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा, आणि डाव्या-उजव्याची तुलना पेअर्ड टी-टेस्टनं (जोडीजोडीनं तुलना करणाऱ्या चाचणीनं) करू नका. दुसरं, फीमरच्या डोक्याच्या व्यासावरून लिंग ठरवायचं आणि मग स्त्री-पुरुषांच्या हाडांतला फरक ‘सापडला’ म्हणायचं, हे वर्तुळात फिरणं झालं. मोजणीची चूकही दाखवा: त्यातली वीस-पंचवीस हाडं दोन आठवड्यांनी, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा मोजा, दुसऱ्या निरीक्षकाकडूनही मोजून घ्या आणि इंट्राक्लास कोरिलेशन (दोन मोजण्या किती जुळतात याचा आकडा) द्या.

आता हाडांचा उगम, आणि इथे परदेशी संपादक आपल्याकडे जास्तच बारकाईनं पाहतात. कारण आहे. मानवी सांगाड्यांचा जगातला मोठा पुरवठा एकेकाळी भारतातून, विशेषतः कोलकात्यातून व्हायचा; १९८५ मध्ये निर्यातीवर बंदी आली. त्यामुळे ‘विभागाच्या संग्रहातून’ एवढं लिहून भागत नाही. या जर्नलच्या मालक संस्थेनंच २०२४ मध्ये जुन्या संग्रहांबद्दल शिफारशी प्रसिद्ध केल्या आहेत. हाडं देहदानातून आली, १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली मिळालेल्या बेवारस देहांची आहेत, की पुरवठादाराकडून विकत घेतलेली, हे स्टॉक रजिस्टर उघडून शोधा. नोंद नसेल तर नोंद नाही असंच लिहा. एथिक्स कमिटीचं पत्र, क्रमांक आणि तारखेसह, काम सुरू होण्याआधीचं हवं. ‘कोरड्या हाडांना परवानगी लागत नाही’ असं विभागात कोणी म्हणालं, तर कमिटीकडून तेच लेखी घ्या. देहदात्यांचे आभार मानणारं वाक्यही घाला. शरीररचनेच्या जर्नलांच्या संपादकांनी २०२१ मध्ये त्याचा नमुनाच सुचवला आहे.

संज्ञांसाठी ‘टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिका’ची (शरीररचनेच्या प्रमाणित संज्ञांची यादी) दुसरी आवृत्ती जवळ ठेवा. चौपायांशी तुलना असेल तर ‘अँटेरिअर’ (पुढचा) ऐवजी ‘क्रेनिअल’ (डोक्याकडचा) लागतं, ते मिसळू नका.

चित्रांत मोबाइलच्या फ्लॅशची चमक आणि मागे हिरवं टेबलक्लॉथ नको. काळा मॅट कागद, बाजूनं प्रकाश, चित्रातच स्केल बार. ‘दहापट मोठं केलेलं’ असं लिहू नका, कारण छपाईत चित्राचा आकार बदलतो. छापायच्या आकारात फोटो किमान ३०० डीपीआय, रेषाचित्रं ६००. वर्डमध्ये चिकटवलेला फोटो परत काढून ‘टिफ’ फाइल केला तर डीपीआयचा आकडा वाढतो, तपशील वाढत नाही. मूळ फाइल जपा.

पाठवणं सगळं ऑनलाइन आहे. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, आधीच काढा. प्रत्येक लेखकानं नेमकं काय केलं हे सांगावं लागेल. विभागप्रमुखांचं नाव रीत म्हणून घालत असाल, तर त्यांच्यापुढे काय लिहिणार हे आताच ठरवा. प्रबंध ऑनलाइन ठेवलेला असेल तर साम्य तपासणीत तुमचाच मजकूर सापडेल, तेव्हा कव्हर लेटरमध्ये तसं कळवा. ते पत्र एक पानाचं पुरे: प्रश्न काय, नवं काय, याच जर्नलकडे का. सारांश पुन्हा चिकटवू नका.

पैशांची भीती नको. जर्नल हायब्रिड आहे, म्हणजे सबस्क्रिप्शन आणि ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना मोफत वाचता येणारा) असे दोन्ही पर्याय आहेत. ओपन अ‍ॅक्सेस निवडला तरच शुल्क. स्वीकृतीनंतर करार भरताना नेहमीच्या सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडा, घाईत भलतीकडे क्लिक झालं तर डॉलरमधलं बिल येतं.