बर्फावर उतरण्याआधी घरात वही उघड

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. चाकांच्या स्केट्सवरच्या इनलाइन हॉकीतून आइस हॉकीकडे वळायचं, येत्या हिवाळ्यात लेहच्या शिबिराला जायचं, पण बाबांकडे पैशाचा विषय कसा काढायचा हे कळत नाही, असं तू लिहिलंस. तुझ्या खेळाची मला काळजी नाही. चाकांवर तोल सांभाळत स्टिक चालवणारी मुलगी बर्फावरही शिकेल; थांबायची पद्धत तेवढी नव्याने शिकावी लागेल. म्हणून आज फक्त पैशाचंच लिहितो.

आपल्या बेळगावला हॉकी नवी नाही. 1964 साली टोकियोत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात इथले बंडू पाटील होते. पण ती मैदानावरची हॉकी. तू म्हणतेस त्या खेळात बर्फच विकत घ्यावा लागतो, आणि तो गोठवून ठेवायला रात्रंदिवस वीज लागते. डेहराडूनचं मोठं रिंक, म्हणजे गोठवलेल्या बर्फाचं मैदान, 2011 मध्ये झालं आणि पुढे कित्येक वर्षं बंद पडून राहिलं, त्यात हा चालवण्याचा खर्च मोठा होता. ते 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. अमेरिकेत रिंक गावोगावी आहेत, तरी 2019 च्या एका पाहणीत एका मुलाच्या आइस हॉकीवर घरचे वर्षाला सरासरी 2,583 डॉलर खर्च करतात असं आढळलं. त्या वेळच्या दराने हे जवळपास 1 लाख 80 हजार रुपये होतात. तिथल्या आईबापांनाही हे जड जातं. तेव्हा तुझ्या बाबांनी आकडा ऐकून मान हलवली तर त्यांना तुझ्या खेळाची कदर नाही असं समजू नकोस.

लेहला नैसर्गिक बर्फ मिळतो, पण तिथे पोचणंच महाग. गोवा एक्सप्रेसने दिल्लीपर्यंत स्वस्तात जाशील. हिवाळ्यात मनालीचा रस्ता बंद असतो, त्यामुळे पुढे विमानच. शिवाय लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पोचल्या पोचल्या खेळायचं नसतं, अंगाला हवा मानवेपर्यंत दोन-तीन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते. ते दिवसही राहण्या-जेवणाच्या खर्चात धर. घरून निघताना हे कुणी धरत नाही, आणि मग तिथून फोन करून पैसे मागवावे लागतात.

साहित्यात घाई करू नकोस. स्केट्स, शिन गार्ड, पॅडची पँट, शोल्डर पॅड, एल्बो पॅड, ग्लोव्हज, जाळीचं हेल्मेट, स्टिक: यादी लांब आहे, आणि तुझं वय वाढीचं आहे. आज घेतलेलं पुढच्या वर्षी तोकडं होईल. म्हणून पॅड वापरलेले घे, त्यात कमीपणा नाही. हेल्मेट मात्र नवंच. जुन्याला आतून तडा गेला असेल तर बाहेरून दिसत नाही. ‘वाढत्या पायाला होतील’ म्हणून दोन नंबर मोठे स्केट्सही घेऊ नकोस. घोटा लटपटतो आणि पैसे वाया जातात. पहिल्या वर्षी शिबिरात काय काय वापरायला मिळतं ते फोन करून विचार, आणि तेवढं यादीतून वगळ. आणि गोलकीपर व्हायचं मनात असेल तर एक वर्ष थांब. त्याचं साहित्य सगळ्यात महाग.

आता घरचं. तुझे बाबा वडगावात यंत्रमागावर आहेत, धाकट्याची दहावी आहे, आईची भिशी आहे. तुझ्या लेहचा पैसा यातूनच कुठून तरी निघणार. म्हणून बाबांना एकट्याला गाठून गळ घालू नकोस. रात्रीच्या जेवणानंतर सगळे बसा, वही उघड आणि सगळे आकडे मांड, लेहचे ते विश्रांतीचे दिवससुद्धा. भावालाही बसव. त्याच्या क्लासची फी पुढे ढकलली जाणार असेल तर ते त्याच्यासमोर ठरू दे. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवायची गोष्ट निघाली तर तूच नको म्हण. मुलीने हट्ट केला तर आईबाप कर्ज काढतात, आणि ते फेडताना तुला कधी बोलून दाखवत नाहीत. मी अशी घरं पाहिली आहेत. म्हणूनच इतकं कळकळीने सांगतो आहे.

बाहेर मदत मागायला लाजू नकोस. आपल्या देशाच्या महिला आइस हॉकी संघाने 2016 मध्ये परदेशी स्पर्धेला जाण्यासाठी लोकांपुढे हात पसरले, आणि लोकांनी दिलं. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला 4-3 हरवून त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. 2025 मध्ये आशिया कपचं कांस्यपदकही आणलं. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या, साध्या घरांतल्या.

मागताना एकच काळजी घे. ‘मदत करा’ असं मोघम सांगू नकोस. स्केट्सचं कोटेशन वेगळं, तिकिटाचं वेगळं काढ. गल्लीतल्या मंडळाला तिकीट सांग, उद्यमबागेतल्या तुझ्या मामांच्या मालकांना स्केट्स सांग. एक ठरावीक वस्तू द्यायला माणूस लवकर तयार होतो, आणि ती आणल्यावर तुलाही पावती दाखवता येते.

कोटेशनं हातात आली की मला कळव. मंडळाच्या अध्यक्षांकडे मी स्वतः तुझ्याबरोबर येतो. त्याआधी मात्र घरची बैठक झालेली हवी, आणि आई काय म्हणाली ते मला आधी सांग.

तुझे
सर